टाकाऊतून खेळणे : थोडा इतिहास

उत्सवातील बालविभागात 'टाकाऊतून टिकाऊ' ही स्पर्धा हमखास असते. आणि त्याच आठवड्यात निशातगंजच्या बाजारात आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्या व चमकीची पाकिटे विकत घेणारे आपलेच पालक मला दिसतात! टाकाऊ वस्तू विकत आणायची ही तऱ्हा पाहून या कल्पनेचा इतिहास लिहावासा वाटला.

तशी आपल्या मोहल्ल्याला ही विद्या नवी नाही. पेपर मिल कॉलनीला नाव देणारी अपर इंडिया कूपर पेपर मिल १८७९ सालची. त्या काळी देशातल्या गिरण्यांत कागद व्हायचा तो गवत, चिंध्या, जुने गोणपाट यांचाच.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे त्या व अनुताई वाघ कोसबाडला गेल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच त्यांची साधने झाली.

पण घरातल्या कचऱ्यातून विज्ञान शिकवण्याचे मोठे श्रेय अरविंद गुप्ता यांचे. जन्म आपल्या उत्तर प्रदेशातला, बरेलीचा. १९७५ साली कानपूर आयआयटीतून ते इंजिनिअर झाले आणि नोकरीला गेले पुण्याच्या टेल्कोत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला होता. १९७८ साली गुप्ता रजा घेऊन तेथे गेले. गावच्या बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिच्या छोट्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी आगकाडी बरोबर बसते, आणि सांधा हवा तसा वळतो. गूळ काढलेल्या काड्या जोडत गेले की भूमिती हातात येते. काड्यांची ही पुस्तिका 'एकलव्य' संस्थेने १९८७ साली काढली.

होशंगाबादचा तो उपक्रम सरकारने २००२ साली बंद केला, हे मला आजही खटकते. खेळणी मात्र थांबली नाहीत. पुण्यात 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता अनेक वर्षे रिकामे डबे, स्ट्रॉ, वर्तमानपत्रे यांतून खेळणी करत राहिले. त्यांची पुस्तके मराठीतही आली, खेळण्यांच्या चित्रफिती सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा मंडळाला माझी एक सूचना आहे. यंदा स्पर्धेत विकतचे साहित्य बाद ठरवावे. थर्माकोलचे मखर तर नकोच. लहानग्यांना चार काड्यांचा चौकोन करायला द्यावा. हात लावताच तो कलंडतो. एक लांब काडी कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी जोडली की दोन त्रिकोण होतात आणि चौकोन घट्ट उभा राहतो. मग मुलांना बाहेर नेऊन आपल्या मांडवाच्या बांबूंमध्ये तिरका बांबू कुठे कुठे बांधला आहे, तो शोधायला सांगावा.