कल्पाक्कम : विलंबित निवेदन आणि वाचकाचा विश्वास

अणुऊर्जेची सुरक्षितता हा विषय अभियंत्यांचा. वाङ्मयाभ्यासकाने त्यात पडू नये, असा समज रूढ आहे. परंतु अपघाताची वार्ता लोकांपर्यंत अखेर एका संहितेच्या रूपानेच पोहोचते. ती संहिता म्हणजे शासकीय निवेदन. ते कोण करतो, केव्हा करतो आणि वाचणाऱ्याने त्यापूर्वी काय वाचलेले असते, हे प्रश्न आपल्याच विद्याशाखेचे आहेत. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर, समुद्रकाठी वसलेल्या कल्पाक्कम येथील दोन घटना या दृष्टीने एकत्र वाचण्याजोग्या आहेत.

२१ जानेवारी २००३ रोजी तेथील पुनःप्रक्रिया संयंत्रात सहा कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्गाची गंभीर बाधा झाली. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढल्यावर उरणारी टाकाऊ द्रव्ये त्यांच्या तीव्रतेनुसार निरनिराळी ठेवावी लागतात. एक झडप निकामी झाल्याने तीव्र द्रव्य सौम्य द्रव्याच्या जागी उतरले आणि सौम्य समजूनच त्याचा नमुना घेतला गेला. धोका दर्शविणारे मापकयंत्र त्या ठिकाणी नव्हते. कर्मचारी संघटनेने सुरक्षेच्या मागण्या व्यवस्थापनापुढे मांडल्या. सर्वसामान्य वाचकाला मात्र ही घटना कळण्यास जवळजवळ सहा महिने जावे लागले.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा त्याच किनाऱ्यावर आदळल्या. मद्रास अणुविद्युत केंद्राच्या दोन अणुभट्ट्यांपैकी पहिली दुरुस्तीसाठी आधीच बंद होती. दुसरी चालू होती. पंपगृहात समुद्राचे पाणी शिरताच ती सुरक्षितपणे बंद करण्यात आली. किरणोत्सर्ग झाला नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले आणि ते खरेच होते. तपासणीनंतर जानेवारी २००५ च्या आरंभी भट्टी पुन्हा सुरू झाली. परंतु कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत व शेजारच्या मच्छीमार वाड्यांत माणसे बुडाली होती, आणि भिंतीआड आणखी काही घडले असावे, ही शंका बाहेर व्यक्त होतच राहिली. खरे निवेदनही संशयानेच वाचले गेले.

या दोन घटनांच्या मधोमध एक न्यायनिर्णय आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाने १९९५ साली देशातील अणुप्रकल्पांच्या सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार केला होता. तो प्रकट व्हावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज व बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे अपयश आल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ६ जानेवारी २००४ रोजी तेथेही शासनाचा गोपनीयतेचा अधिकार मान्य झाला. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने अणुप्रकल्पांविषयीची माहिती रोखून धरण्याची मुभा शासनाला दिली होती. कायद्याच्या दृष्टीने मौन वैध ठरले; परंतु वैध मौनाचाही वाचक अर्थ लावतोच.

येथे एक सूक्ष्म भेद नोंदविला पाहिजे. २००३ चे संयंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राचे होते. २००० सालच्या आदेशाने ते नियामक मंडळाच्या देखरेखीबाहेर गेले होते. विद्युत केंद्र मात्र अणुविद्युत महामंडळाचे आणि मंडळाच्या कक्षेतील. म्हणजे संस्था वेगळ्या, नियमन वेगळे. किनाऱ्यावरील मच्छीमाराला हा भेद कोणी सांगितला होता? त्याच्या लेखी निवेदक एकच : ‘कल्पाक्कम’. एका संस्थेच्या मौनाची किंमत दुसरीच्या सत्यकथनाला मोजावी लागली, ती यामुळे.

अफवेला अज्ञानाचे अपत्य म्हणण्याची प्रशासनाची रीत आहे. कल्पाक्कमचा इतिहास वेगळे सुचवितो. उशिरा आलेल्या अधिकृत संहितेने मोकळी ठेवलेली जागा अफवा भरून काढते, आणि पुढच्या खेपेस तीच जागा तिला सवयीने मिळते. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पाला झालेला विरोध अभ्यासतानाही, लोकांना विज्ञान कळत नाही या निष्कर्षापाशी थांबण्यापूर्वी, त्यांनी आजवर कोणती निवेदने वाचली आणि ती किती उशिरा वाचली, याची नोंद घेणे अगत्याचे आहे.