डेल्फ्ट निळी घरे

डेल्फ्ट निळी घरे : के. एल. एम. या डच विमान कंपनीने १९५२ पासून लांब पल्ल्याच्या विमानांतील वरच्या वर्गाच्या प्रवाशांना भेट दिलेली निळ्या-पांढऱ्या चिनी मातीची घरे. उंची जेमतेम अर्धी वीत. प्रत्येक घर ही मुळात बाटली असते. आत जुनिपरच्या फळांचा स्वाद असलेली येनेव्हर ही डच दारू भरलेली असते आणि वर बूच असते. जगभरातले संग्राहक ती जमवतात, अदलाबदल करतात आणि घराची मूळ इमारत कोणती यावरून वाद घालतात.

नावाने फसू नये. यांतली बहुतेक घरे डेल्फ्टची नव्हेत, ॲम्स्टरडॅमची आहेत. ‘डेल्फ्ट’ ही रंगाची ओळख आहे. सतराव्या शतकात चीनहून येणाऱ्या पोर्सेलीनची नक्कल करताना डेल्फ्टच्या कुंभारांनी भाजक्या मातीवर पांढरी झिलई चढवून कोबाल्टच्या निळ्याने चित्रे काढली. घरांवर दिसतो तो हा निळा.

प्रथेच्या उगमाची गोष्ट मजेशीर आहे. विमान कंपन्यांनी प्रवाशांना महागड्या भेटी देऊ नयेत, असे त्या काळी बंधन होते. प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतला तेव्हा के. एल. एम.ने सांगितले की आम्ही भेट देत नाही, पेय देतो, आणि पेय पेल्यातूनच द्यावे असे कोणत्या नियमात आहे? कंपनीच्या इतिहासात हा किस्सा हौसेने सांगितला जातो.

सुरुवातीची घरे स्कीडाम गावच्या रिन्बेन्डे या मद्यनिर्मात्याने पुरवली, नंतर हेन्केस आणि पुढे बोल्स यांनी. म्हणून जाणकार संग्राहक घर हातात घेतले की आधी ते उलटे करतो. बुडाशी कोणाचे नाव आहे त्यावरून घराचे वय अंदाजता येते. १९९४ मध्ये कंपनीला ७५ वर्षे झाली तेव्हा मालिकेतील घरांची संख्या ७५ वर आणली गेली. तेव्हापासून दरवर्षी ७ ऑक्टोबरला, म्हणजे कंपनीच्या स्थापनादिनी (१९१९), एक नवे घर येते आणि त्याचा क्रमांक कंपनीच्या वयाइतका असतो. २०१९ मधले शंभरावे घर हेगच्या हाउस टेन बॉस राजवाड्याचे होते. त्याच्या आदल्या वर्षी उट्रेख्टचे फान स्खाइन्डेल घर आले. ते १९९२ चे, म्हणजे या मंडळीत अगदीच तरुण. कुरासाओ बेटावरच्या विलेमस्टाड शहरातील पेन्हा इमारतही (१७०८) या मालिकेत आहे.

मूळ वास्तू ओळखायची तर दर्शनी भिंतीचा छपरावर चढलेला माथा पाहावा. कालव्याकाठची डच घरे रुंदीला चिंचोळी आणि मागे खोल. शेजाऱ्याहून वेगळे दिसायला जागा उरते ती माथ्यावर. सर्वांत जुना प्रकार पायऱ्यापायऱ्यांचा. नंतर मानेसारखा उभा माथा आला. त्याचा ॲम्स्टरडॅममधला सर्वांत जुना नमुना म्हणजे फिलिप्स फिंगबोन्स या वास्तुकाराचे हेरेनग्राख्त कालव्यावरचे १६८ क्रमांकाचे घर (१६३८). पुढे घंटेच्या आकाराचा माथा रूढ झाला आणि अखेरीस सरळ आडव्या कंगोऱ्याने माथ्याची हौस संपवली. माथ्याच्या टोकाला बाहेर आलेली आखूड तुळई हा दुसरा पुरावा. तिच्या आकड्याला कप्पी लावून माल वरच्या मजल्यांवर चढवत, कारण व्यापाऱ्याचे घर हीच त्याची वखार असे.

पण साच्याला मर्यादा असतात. चिनी मातीत बारीक नक्षी बुजते. राजवाडा आणि चिंचोळे घर जवळपास एकाच मापात बसवले जातात, म्हणजे प्रमाण कामाचे नाही. बाजूच्या भिंती बहुधा कोऱ्या. दार डावीकडे की उजवीकडे, जिना एका बाजूने की दोन्हींकडून, कोरीव दगड कोणत्या मजल्यावर, एवढेच हाती राहते. काही जुन्या नमुन्यांना खरी इमारत नाहीच, ते कल्पनेतले आहेत. मार्क झेगेलिंग या डच पत्रकाराने ‘लिटल किंग्डम बाय द सी’ या पुस्तकात घरांमागच्या इमारती आणि तिथे राहिलेल्या माणसांच्या कथा एकत्र केल्या. हौशी संग्राहकांनी हे पुस्तक निदान एकदा तरी चाळावे.

दर्शनी भागावरून घर शोधण्याचे सर्वांत देखणे उदाहरण मात्र बाटलीचे नसून चित्राचे आहे. यान फर्मीरच्या ‘छोटी गल्ली’ या चित्रातले घर डेल्फ्टमध्ये नेमके कुठे होते, हे २०१५ मध्ये कला-इतिहासकार फ्रान्स ग्रेइझेनहाउट यांनी १६६७ च्या एका वहीवरून मांडले. कालव्याचा गाळ काढण्याच्या पट्टीसाठी त्या वहीत घरांच्या व बोळांच्या रुंदी नोंदवल्या होत्या. दोन घरांच्या मधोमध लगत दोन बोळ, ही चित्रातली रचना फ्लामिंगस्ट्राटवर जुळली. करवसुलीच्या वह्यांतून कलेचा इतिहास निघतो तो असा.

संग्रहात जपणूक हा वेगळाच विषय. बूच सुकले की दारू हळूहळू उडून जाते, त्यामुळे मोहोर शाबूत असलेले जुने घरही कानाजवळ हलवले तर आत काही डुचमळत नाही. मद्याला बंदी असलेल्या देशांच्या मार्गांवर मुळातच रिकामी घरे दिली गेली. म्हणून रिकामे म्हणजे खोटे, असे मानू नये. कडा उडालेली तुळई आणि टवका गेलेली चिमणी यांनी मात्र किंमत खरोखर उतरते.

ॲम्स्टरडॅमला जाणाऱ्याने २०१७ चे ९८ क्रमांकाचे घर सोबत न्यावे. ते हेरेनग्राख्त १७०–१७२ वरच्या बार्टोलोट्टी वाड्याचे आहे. वाडा सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, हेंड्रिक दे केयसर या वास्तुकाराच्या नावावरचा. फिंगबोन्सचे १६८ त्याला लागूनच उभे आहे. कालवा तिथे वळतो, आणि वाड्याची दर्शनी भिंतही त्याच्याबरोबर वाकलेली आहे. हातातल्या मातीच्या घरात तो बाक उतरला आहे का, ते समोरच्या काठावर उभे राहून ताडून पाहावे.