रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा 'देवाचा दरबार' : साताऱ्यातील ख्रिस्ती भक्तीचा एक शोध (१९१७-१९१९)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने मिशनच्या कार्याच्या अनुषंगाने झालेले आहे. शाळा, दवाखाने, छापखाने, दुष्काळातील मदतकार्य आणि धर्मांतरितांची संख्या हे या लेखनाचे नेहमीचे विषय होत. ज्याने धर्मांतर केले त्याच्या अंतःकरणात पुढे काय घडले, ज्या देवासाठी त्याने घरदार, जात आणि नातलग सोडले तो देव त्याला खरोखर जवळचा वाटला काय, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत निबंधात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या आयुष्यातील अखेरच्या सातारा-पर्वाचा या दृष्टीने विचार केला आहे. मराठी वाचकांना टिळक 'फुलामुलांचे कवी' म्हणून परिचित आहेत. साताऱ्यातील टिळक त्या मानाने उपेक्षित राहिले.

सातारा आणि सांगली परिसरातील मिशनकार्य :

१८४८ मध्ये सातारचे संस्थान खालसा झाले. त्याच सुमारास अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून आपल्या कार्याचा विस्तार करून साताऱ्यात ठाणे उभारले. दक्षिणेकडे कोल्हापूर येथे रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये काम सुरू केले होते. ते १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे आले. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये सांगलीत दाखल झाले आणि १८९४ मध्ये मिरज येथील त्यांचे रुग्णालय उघडले. अशा रीतीने कृष्णेच्या खोऱ्यात दोन भिन्न मिशनांची क्षेत्रे शेजारीशेजारी तयार झाली. मिरजेच्या रुग्णालयाची कीर्ती पुढे दूरवर पसरली. सेवा हाच ख्रिस्तानुकरणाचा मार्ग, ही सांगली-मिरजेकडील कार्याची ओळख बनली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांच्यात वेतन, अधिकार व वर्ण यांचे जे अंतर होते, तेच अंतर मंडळीच्या उपासनेतही शिरले होते. परकीय चालींवर बसविलेली भाषांतरित गीते, बाकांवर बसून ऐकावयाचे प्रवचन आणि मिशनच्या पगारावर अवलंबून असणारा उपदेशक, असे त्या काळच्या अनेक मंडळ्यांचे सर्वसाधारण स्वरूप होते.

येथे एक बाब विसरून चालणार नाही. या मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजातून आलेले होते. एकतारी, टाळ आणि मृदंग त्यांना परके नव्हते. चोखोबांचा अभंग त्यांच्या घरातलाच होता. ख्रिस्ती झाल्यावर या वारशाचे काय करावयाचे, याचे समाधानकारक उत्तर मिशनजवळ नव्हते. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला होता, हे खरे. परंतु रविवारच्या उपासनेतील मुख्य स्थान भाषांतरित गीतांकडेच राहिले.

टिळकांची वाटचाल :

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली आणि त्याने दिलेल्या नव्या कराराने टिळकांच्या मनाची पकड घेतली. विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर सुमारे पाच वर्षे दूर राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगर येथील ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि १९१२ पासून 'ज्ञानोदय' या १८४२ मध्ये सुरू झालेल्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले.

बाहेरून पाहता हे एका यशस्वी मिशनकार्यकर्त्याचे जीवन होते. मान होता, नियमित वेतन होते, कवी म्हणून महाराष्ट्रभर लौकिक होता. असे असता बाप्तिस्म्यानंतर २२ वर्षांनी, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी व वेतन सोडले, ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. हा निर्णय केवळ गोऱ्या मिशनऱ्यांविषयीच्या नाराजीतून घेतला गेला, असे मानण्याचा मोह होतो. ती नाराजी होतीच. टिळक प्रखर देशाभिमानी होते आणि परकीय वर्चस्व त्यांना मंडळीतही सलत असे. परंतु केवळ नाराजी असती तर त्यांनी स्वतंत्र भारतीय चर्च काढले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांची ओढ निराळी होती. ख्रिस्ताविषयीचे ज्ञान त्यांच्याजवळ भरपूर होते. त्यांना ख्रिस्ताचा सहवास हवा होता.

अभंगाची निवड :

या ओढीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे त्यांची अभंगरचना. तुकारामरूपी पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपर्यंत पोचलो, असे ते स्वतः सांगत. हे विधान पुष्कळदा केवळ अलंकारिक म्हणून उद्धृत केले जाते. त्याचा अर्थ अधिक काटेकोरपणे घेतला पाहिजे. स्तोत्रात देवाची थोरवी गाइली जाते. अभंगात भक्त देवाशी बोलतो, रुसतो, भांडतो, त्याला जाब विचारतो आणि शेवटी त्याच्या पायांवर डोके ठेवतो. संबोधन एकेरी, 'तू' असे असते. चार चरणांच्या लहानशा चौकटीत भक्ताचा क्षणाक्षणाचा भाव मावतो, आणि शेवटच्या चरणातील नाममुद्रेने तो भाव एका विशिष्ट माणसाचा ठरतो. टिळकांनी 'दास' ही नाममुद्रा घेतली. सज्जनगडच्या पायथ्याच्या मुलुखात 'दास म्हणे' हे शब्द ऐकणाऱ्याला समर्थ रामदास आठवल्यावाचून राहणार नाहीत. टिळकांची ही मुद्रा साताऱ्याशी जोडण्याचे कारण नाही. तरी येथील श्रोत्यांच्या कानांना ती परकी वाटली नसणार, हे उघड आहे.

येशूला त्यांनी गुरू म्हटले आणि माउलीही म्हटले. पाश्चात्त्य ईश्वरविज्ञानात देवाचे पितृत्व केंद्रस्थानी आहे. वारकऱ्याची विठाई मात्र आई आहे. टिळकांच्या अभंगांत हे दोन प्रवाह एकत्र येतात आणि त्यात कृत्रिमता जाणवत नाही. ब्राह्मण धर्मांतरितांनी ख्रिस्ती धर्माला संस्कृतप्रचुर वेष चढविला, असा आक्षेप अलीकडे घेतला जातो, आणि काही लेखकांच्या बाबतीत तो योग्यही आहे. टिळकांच्या अभंगांना तो पूर्णपणे लागू पडत नाही. अभंग हा छंद मुळात शूद्रातिशूद्र संतांनी वाढविलेला होता. एका ब्राह्मण कवीला तो ख्रिस्तासाठी हाती घ्यावा लागला आणि त्यामुळेच गावकुसाबाहेरील मंडळीशी त्याचे नाते जुळू शकले.

दरबाराचे स्वरूप :

'दरबार' या शब्दाची निवडही लक्षणीय आहे. ज्या नगरीतील छत्रपतींचा दरबार इंग्रजांनी सात दशकांपूर्वी मोडला, तेथेच टिळकांनी देवाचा दरबार भरविला. हा योगायोग त्यांच्या मनात होता की नाही, हा प्रश्न सोडून दिला तरी त्या शब्दाचे पडसाद साताऱ्यात निराळे उमटणार हे निश्चित. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, परंतु ख्रिस्ताला गुरू मानणारे, अशा सर्वांना दरबारात बंधुभावाने स्थान होते. मिशनच्या दृष्टीने ही कल्पना धोक्याची होती. मंडळीची सीमारेषा बाप्तिस्म्याने आखली जात असे आणि टिळक ती रेषाच पुसट करीत होते. हिंदू समाजाच्या दृष्टीने बाटलेला मनुष्य संन्यासी कसा होऊ शकतो, हा प्रश्न होता. दोन्ही बाजूंनी संशय पत्करून हा प्रयोग सुरू झाला. साताऱ्याला संन्यासी आणि नामधारक नवे नव्हते. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांचे निर्वाण १९१३ मध्ये, म्हणजे अवघ्या चार वर्षांपूर्वी झाले होते.

लक्ष्मीबाईंची बाजू :

या प्रयोगाचा विचार केवळ टिळकांच्या बाजूने करणे एकांगी ठरेल. 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) वाचताना संसाराची, पैशाची आणि पतीच्या लहरींची जी हकीगत येते ती हसविते, आणि हसतानाच वाचक अस्वस्थ होतो. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेला रिकाम्या हाताने परत जात नसे. अशा घरात नियमित वेतन हाच एकमेव आधार होता आणि तोच पतीने ईश्वरी हाकेला ओ देऊन सोडून दिला. १८९५ मध्ये पतीच्या अंतःप्रेरणेसाठी लक्ष्मीबाईंनी एकदा सर्वस्व गमावले होते. १९१७ मध्ये तीच परीक्षा पुन्हा त्यांच्यापुढे आली. देवाच्या जवळ जाण्याची किंमत जो जातो तो एकटा देत नाही, ही गोष्ट भक्तिवाङ्मयात तुकोबांच्या जिजाईच्या रूपाने येते खरी, पण तेथे ती कजाग ठरविली जाते. लक्ष्मीबाईंनी आपली बाजू स्वतः लिहिली. मराठी भक्तीच्या इतिहासात या साक्षीचे महत्त्व टिळकांच्या संन्यासाहून कमी नाही.

दरबारानंतर :

दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. १९१९ च्या आरंभी टिळकांची प्रकृती ढासळली. त्यांना मुंबईस नेण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे तेथे निधन झाले. संस्था म्हणून दरबार टिकला नाही. त्याची सर्व मदार एका व्यक्तीच्या उत्कटतेवर होती आणि निश्चित उत्पन्न, घटना व उत्तराधिकारी यांची तजवीज नव्हती, हा दोष मान्य करावयास हवा. मिरजेचे रुग्णालय टिकले, कारण तेथे ही तजवीज होती.

परंतु संस्था हीच एकमेव फूटपट्टी लावली तर टिळकांवर अन्याय होईल. जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे 'ख्रिस्त सेवा संघ' हा आश्रम स्थापिला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये ए. जे. अप्पासामी यांनी ख्रिस्ती धर्माचे विवेचन भक्तिमार्ग म्हणून केले. टिळकांनी हा विचार ग्रंथरूपाने न मांडता त्याआधीच गाऊन दाखविला होता. त्यांची गीते 'उपासना संगीत' या संग्रहाद्वारे मराठी मंडळ्यांत रुजली आणि आजही गाइली जातात. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले होते. त्यांच्या हातून त्याचे मोजकेच अध्याय झाले. उरलेले लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि १९३६ मध्ये त्या निवर्तल्यानंतर, १९३८ मध्ये, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.