रंग न ओळखणारा कॅमेरा

डिजिटल कॅमेऱ्याचा कृष्णधवल फोटो म्हणजे रंगीत फोटोवर मागाहून केलेली करामत, असा समज रूढ आहे. आम्हांला तो उलटा वाटतो. कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनविलेला पहिला डिजिटल कॅमेरा कृष्णधवलच होता. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रात अवघे १०,००० बिंदू आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! पाहायचा तो टीव्हीवर.

सेन्सर प्रकाश किती एवढेच मोजतो. रंग त्याला कळत नाही. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांना १९७६ साली पेटंट मिळाले ते बिंदूगणिक लाल, हिरवी वा निळी चाळणी बसविण्याच्या युक्तीसाठी. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. करामत म्हणायचीच तर ती रंगीत फोटोत आहे.

जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी जर्मनीच्या लायका कंपनीने रंगांच्या चाळण्याच नसलेला 'एम मोनोक्रोम' आणला.

सर्वाधिकार हाती असलेल्याला आम्ही उर्दूवाले 'सियाह-सफेदचा मालिक' म्हणतो. फिल्मच्या काळी भिंगावर लाल काच लावून निळे आभाळ गडद करीत. ते आधीच ठरवावे लागे. रंगीत डिजिटल फोटोत ही मालकी नंतर, संगणकावर गाजविता येते. मोनोक्रोममध्ये ती सवलत नाही. लाल ओढणी आणि हिरवे पान एकाच राखाडी छटेत उतरले, तर मागाहून वेगळे करता येत नाहीत.