जट : डोक्यातला गुंता आणि मनातली भीती

कोंडा झाला, उवा झाल्या, केस गळायला लागले, की आपण गटाच्या बैठकीत मोकळेपणानं बोलतो. कुणी रिठे-शिकेकाई सांगतं, कुणी लिंबू. पण केसांच्या एका दुखण्याचं नाव निघालं की आपला आवाज खाली येतो. ते म्हणजे जट. आज आम्ही तिचीच गोष्ट सांगणार आहोत.

आधी जट होते कशी ते पाहू. प्रत्येकीच्या डोक्यावरून रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. फणी फिरवली की ते निघून जातात. पण बाई आजारात अंथरुणाला खिळली, किंवा कामाच्या रगाड्यात तिला डोक्याला हात लावायला सवड मिळाली नाही, तर गळलेले केस आतच अडकतात. त्यांना घाम, तेल, धूळ चिकटते. उवा असल्या तर गुंता आणखी वाढतो. मग तो दोरखंडासारखा कडक होतो. एवढंच.

आपल्याकडे मात्र म्हणतात, देवी डोक्यात आली. मग फणी बंद, साबण बंद, गुंत्याला भंडारा लावायचा. कापली तर घरावर कोप होईल, ही भीती. जट वाढत जाते, जड होते, मान दुखते, डोक्याला वास येतो, जखमा होतात. बाई चारचौघींत बसायला लाजते.

अशी भीती दूरच्या पोलंड देशातही होती. जट कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, असं तिथले लोक मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकूव शहरातल्या युझेफ डीटल या डॉक्टरांनी जटा असलेली माणसं तपासली आणि सांगितलं, हा काही वेगळा रोग नव्हे. केसांची निगा न राखल्यानं असं होतं. हळूहळू तिथली जट गेली.

आपल्याकडे या भीतीची किंमत मुलींनी मोजली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात लहान मुलीच्या डोक्यात जट दिसली की सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं आलं असं समजत. गळ्यात मणी बांधून मुलीला देवीला सोडत. लग्न नाही, हक्काचं घर नाही. जोगवा मागायचा, आणि पुढं अनेकींच्या वाट्याला देहविक्री आली. यातल्या बहुतेक मुली दलित आणि गरीब घरांतल्या होत्या.

याविरुद्ध कायदे झाले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1920 साली पाऊल उचललं. 1934 साली मुंबई प्रांताचा कायदा आला. तेव्हा बेळगाव जिल्हाही त्याच प्रांतात होता. पुढं कर्नाटकानं 1982 साली आणि महाराष्ट्रानं 2005 साली कायदा केला. मुलगी सोडणं गुन्हा ठरलं. पण डोक्यातली जट तशीच राहिली, कारण कायद्यानं मनातली भीती कापता येत नाही.

ते काम माणसांनी केलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी जातात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा सोडवल्या. आधी बोलायचं, घरच्यांना समजवायचं, बाई स्वतः हो म्हणाली तरच कात्री हाती घ्यायची, ही त्यांची रीत.

मैत्रिणींनो, आपल्या गावातही अशी एखादी असेल. तिला हसू नका, तिच्या पाया पडू नका. तिच्याजवळ बसा. केसांत रक्त नसतं, नस नसते. कापताना दुखत नाही, हे तिला सांगा. जट ओढू नका, कात्रीनं जपून कापा. मग डोकं धुवा, उवांचं औषध लावा, जखम असेल तर सरकारी दवाखान्यात न्या. आणि कुणी लहान मुलीला देवीला सोडायची भाषा केली, तर 1098 या क्रमांकावर लगेच फोन करा.

ज्या मुलीची वेणी रोज कुणीतरी मायेनं घालतं, तिच्या डोक्यात जट होत नाही. आज संध्याकाळी घरातल्या पोरीला जवळ घेऊन बसा, आणि फणी हातात घ्या.