बक्षीसपत्र रद्द करण्याचा आई-वडिलांचा हक्क

घर मुलाच्या नावे केल्यानंतर तेथेच उपेक्षा वाट्याला आलेल्या ज्येष्ठांना आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मधील कलम २३ चा आधार आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. अडचण आहे ती अटीचीच. मायेपोटी ती बहुधा दस्तात लिहिलीच जात नाही. अट सिद्ध झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात, मुलाचे वचनपत्र वेगळ्या कागदावर असूनही, न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवून मालमत्तेचा ताबा तिला परत देण्याचा आदेश दिला.