कल्याणच्या खाडीतली गलबते

कल्याण हे बंदर म्हणून फार जुने. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस याने इथून पितळ, कापड आणि शिसवीचे ओंडके परदेशी जात असल्याचे नोंदवले आहे. लाकडाचा व्यापार इथे होता, कारण मुरबाड-शहापूरची रानेही जवळ आणि उल्हास नदीची खाडीही जवळ.

जहाजासाठी मात्र पहिला मान सागाचा. त्यातल्या तेलामुळे तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि लोखंडी खिळ्यांनाही फारसा बाधत नाही. ओकच्या लाकडातले आम्ल मात्र खिळे खाते. जहाज बांधताना आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा, मग पुढची नाळ, मग बरगड्या. बरगड्यांसाठी बाभळीची निसर्गतःच वाकलेली खोडे निवडली जात, कारण कापून वाकडा आकार दिलेल्या लाकडाला तसा दम नसतो. सुतार वाकसाने फळी तासून शेजारच्या फळीला बसवी, फटीत कापूस ठासून राळ आणि तेल भरी. सगळे माप कारागिराच्या नजरेत असे.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली, आणि मराठी आरमाराची सुरुवात याच काठावर झाली. खाडीवर दुर्गाडी किल्ला उभा राहिला. जहाजबांधणीसाठी रुय लैतांव व्हिएगश आणि त्याचा मुलगा अशा पोर्तुगीजांना कामावर घेतले होते. एक अडचण मात्र मोठी होती. कल्याणहून समुद्राकडे जाणारी वाट ठाणे आणि वसईच्या पोर्तुगीजांच्या ताब्यातील पाण्यातून जात होती. कल्याण, भिवंडी आणि पनवेल इथे युद्धनौका बांधल्या जात असल्याची काळजी ऑगस्ट १६५९ मधल्या पोर्तुगीज पत्रात दिसते. त्या समुद्रात येऊ देऊ नयेत असा त्यांचा हुकूम होता. पुढे व्हिएगश आणि त्याची माणसेही काम सोडून निघून गेली. तरी आरमार थांबले नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये बसरूरवर गेलेल्या ताफ्यात इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे ८५ लहान आणि ३ मोठी जहाजे होती. परक्या गुरूवाचून काम चालवू शकणारे हात कोकणच्या किनाऱ्यावर होते, हेच यातून दिसते.

पुढे मोठ्या जहाजबांधणीचे केंद्र मुंबईच्या गोदीत गेले. तिथे १७३६ च्या सुमारास सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधली. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली आणि मालही खाडी सोडून रुळांवर गेला.